माय हीरो अकॅडेमिया, पहिला खंड: चौकटी-चौकटीने वाचन (स्पॉइलर याच खंडापुरते)

पानपलट (धागाकर्ता)

कोहेई होरिकोशीची ‘माय हीरो अकॅडेमिया’ ही मंगा (जपानी चित्रकथा-मालिका) ७ जुलै २०१४ ला ‘वीकली शोनेन जम्प’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ४३०व्या प्रकरणाला थांबली. एकूण ४२ खंड. शेवटावर पुष्कळ भांडून झालंय, म्हणून हा धागा फक्त पहिल्या खंडासाठी. प्रकरणं १ ते ७, पानं १९२. जपानी आवृत्ती ४ नोव्हेंबर २०१४ ची, व्हिझ या प्रकाशकाची इंग्रजी ऑगस्ट २०१५ ची. पुढचं काही फोडू नका, नवे वाचकही येतील.

माझा मुद्दा असा. हा खंड म्हणजे नुसती पात्रांची ओळख, असं समजून लोक तो भराभर उरकतात. पण त्यात एक पूर्ण गोष्ट आहे. एकच कृती तीनदा घडते, आणि चौथ्या वेळी तीच कृती चूक ठरते.

पहिली वेळ अगदी सुरुवातीच्या पानांवर. चार वर्षांचा इझुकु मिदोरिया एका रडणाऱ्या पोराच्या पुढे उभा राहतो. समोर त्याचा लहानपणापासूनचा सोबती बाकुगो आणि त्याचे दोन साथीदार. मिदोरियाकडे शक्ती (या जगात तिला ‘क्वर्क’ म्हणतात) नाही, त्यामुळे मार खातो. दुसरी वेळ चिखल-खलनायकाची. तो बाकुगोला गिळत असतो, आजूबाजूला व्यावसायिक हीरो उभे असतात, पण कुणाचीच क्वर्क त्या जागी चालत नाही. मिदोरिया धावत सुटतो, दप्तर भिरकावतो, ते चिखलाच्या डोळ्यावर बसतं. तिसरी वेळ यू.ए. या हीरो घडवणाऱ्या हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेत. तोवर ऑल माइट या सगळ्यांत मोठ्या हीरोनं मिदोरियाला आपली क्वर्क दिलेली असते. उराराका ही दुसरी उमेदवार ढिगाऱ्यात अडकलेली, वरून प्रचंड रोबो येतोय, आणि मिदोरिया त्याच्या तोंडावर उडी घेतो. दोन्ही पाय आणि उजवा हात मोडतात.

या तिन्हींना बांधणारं वाक्य ऑल माइट पहिल्याच प्रकरणात बोलतो: मोठ्या हीरोंच्या शाळेतल्या किस्स्यांत एक गोष्ट सारखी असते, विचार करायच्या आधी त्यांचं शरीर हललेलं असतं. आणि मग प्रकरण ५-६ मध्ये मिदोरियाचा यू.ए.मधला वर्गशिक्षक ऐझावा येतो आणि चेंडूफेकीसारख्या शारीरिक चाचण्या घेतो. त्याचं म्हणणं उलट आहे. एकाला वाचवून तू स्वतः आडवा होणार असशील तर तुलाच उचलून न्यायला आणखी एक माणूस लागेल. इथे पहिल्यांदा मिदोरिया हलण्याआधी विचार करतो. ताकद अख्ख्या हातात न आणता फक्त तर्जनीच्या टोकावर आणतो, तीही चेंडू सुटतानाच्या शेवटच्या क्षणी. बोट सुजून काळंनिळं होतं, हात शाबूत राहतो, चेंडू ७०५.३ मीटर जातो. त्याच मैदानावर बाकुगोचा आकडा ७०५.२. या दहा सेंटिमीटरांसाठी ती सगळी पानं रचली आहेत, असं माझं मत.

---

रेघांची_वही

सहमत. त्यात एक भर घालते. मिदोरियाचा पहिला चेंडू फक्त ४६ मीटर जातो, ते मुद्दाम नीट बघा. तो पूर्ण ताकद लावायला जातो आणि ऐझावा आपल्या नजरेनं त्याची क्वर्क पुसून टाकतो. केस वर उभे राहिलेले, गळ्यातलं कापड तरंगतंय, आणि डोळे. आधीच्या पानांवर हा माणूस स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळलेला, अर्धवट झोपलेला असतो. त्याच्या डोळ्यांवर एवढा भर पहिल्यांदाच इथे येतो. होरिकोशी रेषेचा जोर राखून ठेवतो आणि नेमका जिथे नियम समजवायचा असतो तिथे वापरतो. चौकट गाजते तेव्हाच वाचकाला नियमही कळलेला असतो.

---

आठवी_ब

मंगा कधीच न वाचलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हा खंड द्यायचा असेल तर काय सांगावं? उजवीकडून डावीकडे वाचण्याचा सराव किती लागतो? आणि मजकूर वयाला धरून आहे का?

---

पानपलट

@आठवी_ब, दिशेचं आधी. ज्याला आपण मलपृष्ठ म्हणू तिथून पुस्तक उघडायचं. पानावर वरच्या उजव्या चौकटीपासून सुरुवात, डावीकडे जायचं, मग खालची ओळ पुन्हा उजवीकडून. चौकटीच्या आत संवादाचे फुगेही याच क्रमानं. चुकीच्या बाजूनं उघडलं तर थांबा सांगणारं आणि क्रम आकृतीत दाखवणारं पान व्हिझच्या प्रतीत असतंच.

बहुतेकांचा गोंधळ चौकटींत होत नाही, फुग्यांत होतो. चौकटी उजवीकडून वाचतात आणि आतले फुगे सवयीनं डावीकडून, म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. ऑल माइट आणि मिदोरियाचं गच्चीवरचं बोलणं सरावाला उत्तम, कारण तिथे दोघंच बोलतात आणि क्रम चुकला की अर्थ लगेच लंगडतो. ते मोठ्यानं वाचून घ्या. एवढ्यात सवय होते. दुसरी अडचण उभ्या लांब चौकटीची: उजवीकडे एक उंच चौकट आणि डावीकडे एकावर एक दोन असतील, तर आधी उंच, मग डावीकडची वरची, मग खालची.

वयाबद्दल: व्हिझनं ‘टी’, म्हणजे किशोरवयीन, असा शिक्का दिलाय. तेरा वर्षांपासून चालेल. पण पहिल्या प्रकरणात बाकुगो मिदोरियाला गच्चीवरून उडी मारायला सांगतो, ते पान मोठ्यांनी आधी स्वतः वाचावं आणि मुलांशी त्यावर बोलावं. माउंट लेडी या नव्या स्त्री-हीरोच्या प्रवेशात थोडं अंगप्रदर्शनही आहे.

---

नीलकंठी

त्या वाक्याबद्दल मला तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. एवढं क्रूर वाक्य टाकल्यावर त्याचा हिशेब याच खंडात व्हायला हवा होता. तो होत नाही. बाकुगो मिदोरियाची वही जाळतो, खिडकीतून फेकतो, खांद्यावर हात ठेवून चटका देतो, आणि तरीही परीक्षेत ७७ गुण मिळवून पहिला येतो. वर्गातले शिक्षक हसण्यावारी नेतात, यू.ए.च्या शिक्षकांना त्याची जिगर आवडते. शाळेतला त्रास हा इथे फक्त नायकाचं दुःख वाढवायचा मसाला होऊन बसतो.

---

पानपलट

तक्रार योग्य आहे, पण गुणपत्रिका पुन्हा बघा. बाकुगोचे ७७ सगळेच्या सगळे रोबो फोडल्याचे. बचावाचे गुण शून्य. मिदोरियाचं बरोबर उलटं: रोबोंचे शून्य, बचावाचे ६०. उराराकाचे रोबोंचे २८ आणि बचावाचे ४५. बचावाचे गुण परीक्षक देतात आणि ते असतात हे उमेदवारांना सांगितलेलंच नसतं. म्हणजे लेखक बाकुगोला पहिला आणतो, पण त्याच कागदावर त्याच्यात काय नाही हेही आकड्यात लिहून ठेवतो. भाषण न देता दिलेला निवाडा आहे तो. पुरेसा आहे का, यावर तुमच्याशी वाद घालणार नाही. चौदा वर्षांच्या वाचकाला तो शून्य दाखवून द्यावा लागतो, हे खरं.

---

नीलकंठी

शून्याचा मुद्दा मान्य. पण तो पोरगा स्वतः तो शून्य वाचत नाही, ही माझी अडचण कायम आहे. आणि प्रवेशपरीक्षेच्या न्याय्यपणाबद्दलही बोला कुणीतरी. दहा मिनिटं, १, २ आणि ३ गुणांचे रोबो, वर शून्य गुणांचा एक अडथळा. ज्याची क्वर्क यंत्रावर चालतच नाही त्यानं काय करायचं?

---

पायाची_करंगळी

नीलकंठी, तो दोष खराच आहे आणि परीक्षा तशीच आखलेली आहे. रोबो फोडण्याची परीक्षा ही मारामारीच्या क्वर्कला झुकतं माप देते. मनावर किंवा माणसावर चालणारी क्वर्क तिथे निरुपयोगी. कथा म्हणून हे चांगलं आहे, कारण हीरोगिरी हा इथे धंदा आहे. परवाना असतो, जाहिराती असतात. माउंट लेडी पहिल्याच दिवशी कामुई वुड्स या दुसऱ्या हीरोच्या हातचा खलनायक पळवते आणि फोटोला उभी राहते, तेव्हाच हे दिसतं. अशा व्यवस्थेची प्रवेशपरीक्षा निर्दोष असती तर उलट खटकलं असतं.

मला जे जास्त आवडतं ते म्हणजे प्रत्येक क्वर्कला लावलेली किंमत. याच सात प्रकरणांत: ऑल माइटला जुन्या जखमेमुळे दिवसाला साधारण तीन तासच काम करता येतं, पोट काढून टाकलेलं आहे, श्वसनसंस्था अर्धी निकामी. उराराका स्वतःला किंवा जास्त वजन तरंगवते तेव्हा मळमळतं. वर्गातल्या आओयामानं एका सेकंदाहून जास्त लेझर सोडला की त्याचं पोट बिघडतं. ऐझावाची पापणी लवली की प्रभाव संपतो आणि त्याचे डोळे कोरडे पडतात. मिदोरियाची हाडं मोडतात. सुपरहीरोच्या गोष्टीत लेखक अनेकदा आधी ताकद देतात आणि संकट आलं की तिच्यावर मर्यादा शोधतात. इथे मर्यादा ताकदीबरोबरच येते, त्यामुळे कुठल्याही लढाईत वाचकाला आपणहून अंदाज बांधता येतो.

चिखल-खलनायकाचा प्रसंगही याच हिशेबावर चालतो. ऑल माइट त्याला शीतपेयाच्या बाटलीत भरतो. मिदोरिया त्याच्या पायाला लटकतो, त्या गडबडीत बाटली पडते. तीन तास संपत आलेत म्हणून ऑल माइटला ते कळत नाही. मग बाकुगो सापडतो. एकही दुवा योगायोगावर सोडलेला नाही, आणि म्हणूनच गर्दीत हडकुळ्या रूपात (ताकद संपली की तो असा दिसतो) उभा असलेला ऑल माइट स्वतःला दोष देतो तेव्हा तो दोष खरा वाटतो.

---

मैदानी_तास

चेंडूफेकीबद्दल एक माहिती. ऐझावाच्या आठ चाचण्या मनच्या नाहीत. ५० मीटर धाव, पकडीची ताकद, जागेवरून लांब उडी, आजूबाजूला पावलं टाकणं, चेंडूफेक, लांब पल्ल्याची धाव, उठाबशा (पाठीवर झोपून उठणं), बसून पुढे वाकणं. जपानच्या शिक्षण मंत्रालयानं १९९९ पासून शाळांमध्ये जी शारीरिक क्षमतेची नवी चाचणी सुरू केली, तिचे प्रकार जवळपास हेच आहेत. जपानी मुलं दरवर्षी हे करतात. त्यामुळे ७०५ मीटर हा आकडा तिथल्या वाचकाला आपल्या स्वतःच्या आकड्याशेजारी ठेवून वाचता येतो. बाकुगोचा क्वर्कशिवायचा माध्यमिक शाळेतला आकडा ६७ मीटर सांगितलाय, तो याचसाठी. आपल्याकडच्या वाचकाला हा संदर्भ नसतो. ६७ वरून ७०५ ही उडी डोळ्यांपुढे आणायची तर क्रिकेटचं मैदान आठवा: खेळपट्टीपासून सीमारेषा साधारण ६५ ते ८० मीटरवर असते. ६७ म्हणजे जेमतेम सीमारेषा.

वर्गातल्या इयिदाची ५० मीटरची ३.०४ सेकंदांची वेळही याच तक्त्यात बसवून बघा. मिदोरियाला सात सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे साधा मुलगा. दहा महिने समुद्रकिनाऱ्यावरचा कचरा उपसून त्यानं शरीर फक्त ती क्वर्क पेलण्याएवढं केलंय, वेगवान केलेलं नाही. लेखक इथे फसवत नाही.

---

रेघांची_वही

चित्रांकडे वळते, कारण इथे ज्यांना मंगा काढायला शिकायचंय त्यांच्यासाठी हा खंड फार उपयोगी आहे.

ऑल माइट हे पात्र बाकी सगळ्यांपेक्षा वेगळ्या पद्धतीनं शाई केलेलं आहे. जुन्या अमेरिकन कॉमिक्ससारखे काळ्याचे मोठे डाग, डोळ्यांच्या खोबणी पूर्ण काळ्या, स्नायूंवर जाडीपासून बारीक होत जाणाऱ्या रेघा. शेजारी उभा मिदोरिया मात्र गोल डोळ्यांचा, मोकळ्या रेषेचा. एकाच चौकटीत दोन चित्रपरंपरा उभ्या असतात. हे जमवायचं तर क्रम असा ठेवा. पेन्सिलीत आधी आकारांचे ठोकळे: छाती खाली निमुळती होणारी, खांदे डोक्याच्या तिप्पट रुंद. मग प्रकाश कुठून येतो ते ठरवा आणि सावलीची हद्द बारीक रेघेनं आखा. त्यानंतर काळे भाग ब्रशनं भरा. रेघा सगळ्यात शेवटी, काळ्याच्या काठावरून उजेडाकडे ओढायच्या, सुरुवातीला दाब, शेवटी हात उचलत. नवखे लोक आधी रेघा मारतात आणि सगळीकडे सारख्या मारतात. त्यानं स्नायू करवती दिसतात आणि प्रकाशाची दिशा हरवते.

साहित्य: जी-निब (शाईत बुडवून वापरायची धातूची निब) आणि गुळगुळीत कागद. कार्ट्रिज कागदावर निब तंतूत अडकते आणि शाई फुटते. आयव्हरी कार्ड त्यापेक्षा बरं. नवीन निबवर तेलाचा थर असतो, तो पुसून घ्या, नाहीतर शाई थेंबासारखी गोळा होते. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वापरत असाल तर ती निबवर वाळून कडक होते, दर काही मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा.

---

रात्रीची_शाई

@रेघांची_वही, आकाराचा मुद्दा राहिला. जपानी व्यावसायिक मंगा-कागद बी-४, म्हणजे २५७ × ३६४ मिमी. त्यात छापली जाणारी हद्द २२० × ३१० आणि आतली चौकट १८० × २७०. मासिक बी-५ मापाचं, तिथे चित्र साधारण ८३ टक्क्यांवर येतं. जम्पचा जपानी खंड जेमतेम पावणेदोनशे मिमी उंच, तिथे ते ५७ टक्क्यांच्या आसपास. व्हिझची प्रत थोडी मोठी, सुमारे १९० मिमी, म्हणजे ६१ टक्के.

याचा परिणाम रेषेवर होतो. मूळ चित्रात ०.३ मिमीची रेघ जपानी खंडात ०.१७ मिमी उरते. इंचाला ६० रेषांचा टोन (ठिपक्यांनी केलेली राखाडी छटा) छोटा होऊन इंचाला १०५ रेषांच्या घरात जातो. टोन आधीच दाट असेल तर ठिपके मिटून राखाडी डाग होतो. म्हणून डिजिटल काम करणाऱ्यांनी ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), ज्या मापात छापायचं त्याच मापात टोन टाकावा, फाइल शुद्ध काळी-पांढरी निर्यात करावी आणि नंतर तिचं माप बदलू नये. बदललं की ठिपक्यांच्या जाळीत लाटा उमटतात.

---

जुनी_रद्दी

या लाटांवरूनच नकली प्रत ओळखता येते. आपल्याकडे मंगाच्या नकली प्रती सर्रास विकल्या जातात, फुटपाथवर आणि ऑनलाइनही, आणि लोकप्रिय मालिकांचे पहिले खंड त्यात असतातच.

नकली प्रत छापील पुस्तक स्कॅन करून बनवतात. ठिपक्यांवरून पुन्हा ठिपके छापले जातात, त्यामुळे टोनमध्ये त्या लाटा दिसतात. ऑल माइटच्या सावलीची पानं उघडा: अस्सल प्रतीत काळं भरगच्च असतं, नकलीत राखाडी आणि ठिपकेदार. फुग्यांतली अक्षरं भिंगाखाली कडेला फुटलेली दिसतात. जोडपानांत मधला भाग बांधणीत गिळला जातो, कारण कापणी चुकलेली असते. कण्यावरचा अंक इतर खंडांच्या ओळीत बसत नाही.

एक सावधानता. फक्त कागद वेगळा आहे म्हणून प्रत नकली ठरवू नका. व्हिझची पुस्तकं भारतात सायमन अँड शुस्टर इंडिया वितरित करतं, आणि छपाई कुठे झाली त्यानुसार कागदाचा रंग, जाडी बदलू शकते. कागदापेक्षा छपाईची तीक्ष्णता बघा. इंग्रजी पहिल्या खंडाचा आयएसबीएन ९७८-१-४२१५-८२६९-६ आहे. तो नकलीवरही छापलेला असतो, म्हणून त्यावरून खरेपणा सिद्ध होत नाही, पण भलतंच पुस्तक मागवलं जाणं टळतं. ‘व्हिजिलांटीज’ आणि ‘टीम-अप मिशन्स’ या वेगळ्या मालिका आहेत, त्यांचाही पहिला खंड असतो. शोधात तो वर आला की लोक तोच घेऊन बसतात.

---

आठवी_ब

धन्यवाद. फोनवर वाचणाऱ्यांसाठी काही? आणि ज्यांनी आधी ॲनिमे (याच कथेची ॲनिमेशन मालिका) बघितलाय त्यांनी खंड घ्यावा का?

---

पानपलट

फोनवर दोन अधिकृत वाटा आहेत: जपानी प्रकाशक शुएशाचं ‘मंगा प्लस’ आणि व्हिझचं ‘शोनेन जम्प’ ॲप, दोन्ही भारतात चालतात. फोन उभा धरला की जोडपान दोन तुकड्यांत येतं आणि चित्र मोडतं. अशा ठिकाणी फोन आडवा करा. पान उलटण्याचा परिणामही फोनवर कमी होतो. छापील प्रतीत डाव्या पानाची शेवटची चौकट प्रश्न टाकते आणि उलटल्यावर उजव्या पानावर उत्तर येतं. होरिकोशी यावर फार विसंबतो. ऑल माइटचे बरेचसे प्रवेश पान उलटल्यावरच येतात.

ॲनिमे (बोन्स स्टुडिओ, एप्रिल २०१६) पहिल्या प्रकरणाला पूर्ण दोन भाग देतो. पन्नासहून जास्त पानांचं प्रकरण असलं तरी छापील वाचनात ते एका दमात होतं, आणि गच्चीवर ऑल माइटनं दिलेला नकार आणि शेवटी ‘तू हीरो होऊ शकतोस’ यांत आठवडाभराची फट पडत नाही. त्या दोन वाक्यांमधलं अंतर कमी असणं मला महत्त्वाचं वाटतं. शिवाय प्रकरणांच्या मध्ये पात्रांची माहितीपानं आहेत: मिदोरिया १६६ सेंमी, ऑल माइट २२०. ती ॲनिमेत नाहीत.

---

पायाची_करंगळी

एक छोटी भर. जागांची नावं बघा. मिदोरियाची शाळा अल्डेरा, स्टेशन टाटूइन, किनारा डागोबा. ‘स्टार वॉर्स’च्या ग्रहांवरून घेतलेली आहेत. किनाऱ्याचं नाव तर नेमकं बसलंय: तिथेही म्हातारा गुरू, इथेही खंगलेला गुरू, आणि शिष्याला ओझी उचलायला लावणं.

आणि करंगळीचा प्रसंग विसरू नका. डॉक्टर एक्स-रे दाखवून सांगतो की मिदोरियाच्या पायाच्या करंगळीत दोन सांधे आहेत, म्हणजे क्वर्क येणार नाही. त्याच रात्री तो कॉम्प्युटरवर ऑल माइटचा व्हिडिओ लावून आईला विचारतो, मीही होऊ शकतो ना? आई मिठी मारून माफी मागते. त्याला ती माफी ऐकायची नव्हती, हे पुढे त्याच्याच तोंडून येतं. सगळ्या खंडात याहून चांगलं पान मला दिसत नाही, आणि त्यात एकही ठोसा नाही.

---

नीलकंठी

ते पान चांगलंच आहे. वाद नाही.

होरिकोशीची आधीची ‘ओउमागादोकी झू’ पाच खंडांत संपली होती आणि ‘सेन्सेइ नो बल्ज’ दोन खंडांत. जम्पमध्ये वाचकांच्या मतपत्रिकांवर मालिका टिकते किंवा बंद होते. ते लक्षात घेतलं तर पहिल्या प्रकरणात इतकं सगळं का कोंबलंय हे कळतं. बाकुगोबद्दलचं माझं मत त्यानं बदलत नाही, पण सहा-सात प्रकरणांत त्याचा हिशेब पुरा करायला लेखकाकडे जागा नव्हती, एवढं मान्य करते.

---

जुनी_रद्दी

नवीन वाचकांना शेवटची सूचना: पहिला आणि दुसरा खंड एकत्रच घ्या. सातव्या प्रकरणात पोशाख मिळतात, मिदोरियाचा आईनं दिलेला, आणि उराराकासोबत त्याची जोडी बाकुगो-इयिदाच्या जोडीसमोर उभी राहते. ती झुंज खरी रंगते दुसऱ्या खंडात, आठव्या प्रकरणापासून. नीलकंठी यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला सुरुवातही तिथेच करावी लागते.